कॅश काउंटरवरची धडधड : ऑनलाइन थेरपिस्ट शोधण्याचं एक प्रकरण

ऑगस्ट २०२४चा तिसरा आठवडा. ‘लाडकी बहीण’चे पहिले दोन हप्ते, तीन हजार रुपये, रक्षाबंधनाच्या तोंडावर खात्यांत जमा व्हायला लागले होते. हिंगोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँकेबाहेर सकाळी नऊपासून बायकांची रांग लागायची. कुणाचं आधार जोडलेलं नाही, कुणाचं खातं व्यवहार न झाल्याने बंद पडलेलं, कुणाला नुसतं विचारायचंय, ‘माझे आले का?’ कॅश काउंटरवर माझी भाची होती. पावणेबाराच्या सुमारास शंभराच्या नोटांचं बंडल मोजता मोजता तिच्या बोटांना मुंग्या आल्या. मग छातीत धडधड, घशाला कोरड, कानात शिट्टी. काचेपलीकडच्या बाईचे ओठ हलताना दिसत होते, शब्द कानावर पडत नव्हते. ‘आपल्याला अटॅक येतोय’ आणि ‘ड्रॉवर उघडा आहे’, हे दोन विचार तिच्या मनात एकदमच आले. तिने आधी ड्रॉवरला कुलूप लावलं, मग उठली आणि मागच्या खोलीत जाऊन फरशीवर बसली.

हे सगळं तिने स्वतः वाचलं आहे. दोन ठिकाणी दुरुस्ती करून ती म्हणाली, "दे मावशी, कुणाच्या तरी उपयोगी पडेल." ओळख पटेल असे तपशील मी काढून टाकले आहेत. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक म्हणून बावीस वर्षं मी रुग्णांच्या केस हिस्टरी लिहिल्या, त्यामुळे सवयीने हेही त्याच पद्धतीने लिहिते आहे. फरक एवढाच, की इथे मी टेबलाच्या पलीकडे, नातेवाइकांच्या बाकावर होते.

भाची सत्तावीस वर्षांची, मूळची सातारा जिल्ह्यातली. आयबीपीएसची परीक्षा देऊन क्लार्क म्हणून लागली आणि घरापासून चारशे किलोमीटरवर पोस्टिंग मिळालं. घरमालकांच्या वरच्या मजल्यावर एक खोली, गच्चीचा अर्धा भाग वापरायला. नोकरी मन लावून करणारी. जून महिन्यात एका दिवशी तिची कॅश पाच हजारांनी शॉर्ट आली. रात्री साडेआठपर्यंत व्हाउचर तपासली, सीसीटीव्ही पाहिला, पत्ता लागला नाही. नियमाप्रमाणे तिने पैसे भरले. कुणी तिला एक शब्द बोललं नाही. पण त्या दिवसापासून ती प्रत्येक बंडल मशीनमधून दोनदा आणि हाताने तीनदा मोजायला लागली. रांग वाढायची, गिऱ्हाइकं कुरकुर करायची, त्याने हात थरथरायचे, आणि थरथरत्या हाताने मोजलेलं पुन्हा मोजावंसं वाटायचं. रात्री अकरा वाजता ती हेड कॅशियरला फोन करून विचारायची, "सर, स्ट्राँग रूमची चावी तुम्हीच फिरवली ना?" आम्हा घरच्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. फोनवर ती "मजेत आहे" म्हणायची.

त्या दिवशी सहकाऱ्याने तिला मोटारसायकलवरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी ईसीजी काढला, हिमोग्लोबिन, साखर आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी) तपासायला सांगितलं. सगळं नॉर्मल. हे त्यांनी अगदी बरोबर केलं, आणि कुणाचाही पहिला झटका असाच आधी तपासला पाहिजे. थायरॉइड वाढला किंवा रक्त कमी असलं तरी धडधड होते, आणि हृदयाचा विचार न करता ‘टेन्शन आहे’ म्हणणं धोक्याचं. पुढे मात्र घाई झाली. "टेन्शन घेऊ नका" आणि रात्रीची एक गोळी, यावर भेट संपली. गोळीचं पाकीट तिने मला दीड महिन्याने फोटो काढून पाठवलं : अल्प्राझोलाम, ०.२५ मिलिग्रॅम, भीती शमवून झोप आणणारी गोळी. चिठ्ठी दहा दिवसांची होती, पण मेडिकलवाला पाकीट पाहून पुढेही देत राहिला. हे औषध एच-१ सूचीतलं आहे. ते चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही आणि दिल्याची वहीत नोंद ठेवायची, असा नियम आहे. थोडे दिवस, देखरेखीखाली, त्याचा उपयोग होतो. आठवडेच्या आठवडे घेतलं की अंगाला त्याची सवय लागते, आणि मग गोळी चुकली की जी घालमेल होते तीच ‘आजार वाढला’ अशी वाटते.

सप्टेंबरमध्ये तिने मला सांगितलं. आईला नाही, मला. "मावशी, तुझ्या हॉस्पिटलात अशा बायका यायच्या ना, जीव घाबरा होतो म्हणणाऱ्या? तशी झालेय मी." मी म्हटलं, "अगं, त्या बऱ्या होऊन जायच्या, तेही तुला आठवत असेल." ती गप्प राहिली.

तिच्या गावात मानसोपचारतज्ज्ञ नव्हता, मानसशास्त्रज्ञ नव्हता. देशभराचा हिशेब केला तर लाख लोकांमागे एकसुद्धा मानसोपचारतज्ज्ञ येत नाही, आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत. तिला ऑनलाइनशिवाय दर आठवड्याला बोलायला कुणी मिळणार नव्हतं. हे तिला माझ्या आधी कळलं होतं. मला सांगण्यापूर्वीच तिने एक अ‍ॅप घेऊन पाहिलं होतं.

त्या अ‍ॅपवर पंधरा प्रश्नांचा फॉर्म होता आणि तो भरल्यावर मिनिटभरात ‘तुमच्यासाठी योग्य तज्ज्ञ’ समोर आला. चार सत्रांचं पॅकेज ३,९९९ रुपये, आगाऊ. समोरची मुलगी गोड बोलणारी होती, इंग्रजीतून. तिने रोज तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहायला सांगितल्या, आरशासमोर उभं राहून स्वतःला धीराची वाक्यं म्हणायला सांगितली. भाचीने निष्ठेने केलं. काउंटरवरची धडधड तशीच राहिली. दुसऱ्या सत्रानंतर तिने उरलेले पैसे मागितले, ते मिळाले नाहीत. पैशांचं दुःख मला कमी आहे. मला लागलं ते तिचं पुढचं वाक्य : "मावशी, थेरपी पण करून पाहिली. माझ्यावर परिणामच होत नाही."

हे वाक्य मी नोकरीत किती वेळा ऐकलं असेल. चुकीच्या डॉक्टरकडे मोडलेला हात नेला आणि तो वाकडा जुळला, तर आपण म्हणतो डॉक्टर चुकला. मनाच्या बाबतीत माणूस म्हणतो, मीच चुकीचा आहे. शोधात झालेली चूक रुग्णाच्या खात्यावर पडते, आणि मग तो पुन्हा शोधायला धजत नाही. भाचीच्या प्रकरणातला सगळ्यांत नाजूक टप्पा मला हाच वाटतो, ऑगस्टमधल्या त्या झटक्यापेक्षाही.

मी तिला त्या तज्ज्ञाची माहिती उघडून वाचायला लावली. ‘वेलनेस एक्स्पर्ट’. शिक्षणाच्या रकान्यात काही आठवड्यांचा एक ऑनलाइन प्रमाणपत्र अभ्यासक्रम. म्हणजे ती मुलगी खोटं बोलली नव्हती. तिथे काय लिहिलंय ते कसं वाचायचं हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट हे डॉक्टर असतात, एमबीबीएसनंतर एमडी किंवा तत्सम पदवी घेतलेले, आणि थेरपीच्या या जगात औषध तेच लिहू शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं बहुतेकदा मानसशास्त्रातल्या एमएनंतर दोन वर्षांचं एम.फिल. झालेलं असतं, आणि त्यांचं नाव भारतीय पुनर्वास परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या नोंदवहीत असावं लागतं. ती परिषद १९९२च्या कायद्याने वैधानिक झाली आणि तिच्या संकेतस्थळावर नाव किंवा नोंदणी क्रमांक टाकून कुणालाही तपासता येतं. समुपदेशक हा शब्द मात्र मोकळा आहे. त्यात मानसशास्त्रात एमए करून वर्षानुवर्षं ज्येष्ठांच्या देखरेखीखाली काम केलेली उत्तम माणसं आहेत आणि शनिवार-रविवारचं शिबिर करून पाटी लावलेलीही आहेत. २०२१ साली संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी स्वतंत्र राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यात समुपदेशकही येतात. पण आज पेशंटच्या हातात खरं हत्यार एकच आहे, ते म्हणजे विचारणं.

विचारायला भाची तयार नव्हती. "एवढ्या शिकलेल्या माणसाला नोंदणी क्रमांक कसा विचारायचा, अपमान होईल." मी म्हटलं, "बाळा, तुझ्या काउंटरवर पॅन कार्ड मागतेस तेव्हा अपमान करतेस का?" यावर ती पहिल्यांदा हसली. मग आम्ही दोघींनी मिळून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा एक मजकूर लिहिला. तो इथे जसाच्या तसा देते, कुणाला उचलायचा असेल तर उचलावा.

"नमस्कार मॅडम. मी २७ वर्षांची असून बँकेत नोकरी करते. ऑगस्टपासून अचानक धडधड, हाताला मुंग्या, जीव जातोय असं वाटणं, असे झटके येतात. एरवीही दिवसभर काळजी असते. ईसीजी व थायरॉइड नॉर्मल आहे. रात्री अल्प्राझोलाम ०.२५ घेते. तुम्ही मराठीत सत्र घेता का? तुमचं शिक्षण आणि आरसीआय नोंदणी क्रमांक कळेल का? अशा त्रासावर तुम्ही कोणत्या पद्धतीने काम करता आणि साधारण किती सत्रं लागतात? फी किती, आणि सत्र रद्द झालं तर काय? माझी माहिती कुठे ठेवली जाते आणि ती कोण पाहू शकतं? दोन सत्रांच्या मध्ये त्रास वाढला तर मी काय करावं?"

हा मजकूर नऊ जणांना गेला. तिघांकडून उत्तर आलं नाही. दोघी फक्त हिंदी-इंग्रजीत काम करत होत्या. एकींची फी सत्राला तीन हजार होती. एकींकडे दोन महिने जागा नव्हती. एका गृहस्थांनी लगेच फोन केला आणि दहा दिवसांत मुळापासून बरं करण्याची हमी दिली. मी भाचीला सांगितलं, हमी मिळाली की तिथून उठायचं. नववं उत्तर सगळ्यांत मोलाचं होतं. त्या बाईंनी लिहिलं की मी मुख्यतः जोडप्यांबरोबर काम करते, पॅनिकचा, म्हणजे अशा झटक्यांचा, माझा अनुभव कमी आहे, या दोघींना विचारून पाहा. ‘हे माझं काम नाही’ एवढं सांगणाऱ्या माणसाबद्दल माझ्या मनात नेहमीच आदर राहिला आहे. त्या दोघींपैकी एक पुण्याच्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर, न मागता नोंदणी क्रमांकाचा फोटो, पन्नास मिनिटांचे १,२०० रुपये. आम्ही आरसीआयच्या संकेतस्थळावर नाव तपासलं. जुळलं.

या सगळ्यात तीन आठवडे गेले, आणि त्या तीन आठवड्यांतली एक रात्र वाईट होती. पहाटे दोन वाजता तिला झटका आला. मला उठवायचं तिच्या जिवावर आलं म्हणून तिने १४४१६ लावला. ही ‘टेलि-मानस’ नावाची सरकारी सेवा, १० ऑक्टोबर २०२२पासून सुरू, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पलीकडच्या व्यक्तीने तिला घाईने काही शिकवलं नाही. आत्ता कुठे बसली आहेस, पाय जमिनीला टेकलेत का, समोर काय दिसतंय, एवढंच विचारत राहिली. श्वास सोडताना सावकाश सोड म्हणाली. वीस मिनिटांनी झटका ओसरला, आणि मग त्या व्यक्तीने जिल्हा रुग्णालयातल्या मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या ओपीडीबद्दलही सांगितलं. हेल्पलाइन म्हणजे दर आठवड्याची थेरपी नव्हे. पण थेरपिस्ट मिळेपर्यंतचा पूल म्हणून तो नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये सेव्ह असायला हवा असं मला मनापासून वाटतं. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही सेवाही २०१२पासून फोनवर समुपदेशन देते. तीही मी तिला सांगून ठेवली होती.

पहिलं सत्र ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी झालं. घरमालकीण खाली स्वयंपाकघरात, मधला जिना उघडा, भिंती पातळ. भाचीने पंखा पूर्ण वेगावर सोडला, पिठाचा डबा पलंगावर ठेवून त्याला फोन टेकवला, कानात इयरफोन. मॅडमनी सुरुवातीलाच विचारलं, "आत्ता तुझं बोलणं कुणी ऐकू शकतं का?" आणि मग दोघींचं ठरलं : कुणी वर आलं तर भाचीने म्हणायचं, ‘मावशीशी बोलतेय’, की मॅडम गप्प होणार. रेंज गेली तर पाच मिनिटं वाट पाहून मॅडम साधा फोन करणार. त्यांनी राहण्याचा पूर्ण पत्ता, जवळचं रुग्णालय आणि दोन माणसांचे नंबर लिहून घेतले. माझा आणि हेड कॅशियर साहेबांचा. चारशे किलोमीटरवरून काम करणाऱ्याने हे विचारलं नाही, तर अडचणीच्या वेळी तो काय करणार? आणि त्यांनी स्पष्ट विचारलं, "जगणं नको असं कधी वाटलं का?" भाची म्हणाली, नाही, पण हे असंच चालू राहिलं तर नोकरी सोडावी असं वाटतं. हा प्रश्न विचारल्याने मनात नसलेला विचार येत नाही. उलट ज्याच्या मनात तो असतो, त्याला पहिल्यांदा हलकं वाटतं. हे मी वॉर्डात शेकडो वेळा पाहिलं आहे.

त्यांनी जीएडी-७ ही काळजी मोजणारी सात प्रश्नांची पट्टी भरून घेतली. गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा अस्वस्थ वाटलं, काळजी थांबवता आली का, अशा प्रश्नांना शून्य ते तीन गुण, एकूण एकवीस. दहा किंवा त्याहून जास्त आले की नीट लक्ष द्यायचं, पंधरा किंवा त्याहून जास्त म्हणजे तीव्र. भाचीचे सोळा आले. पुन्हापुन्हा मोजण्याबद्दलही त्यांनी बारकाईने विचारलं. गॅस, कुलूप, हात धुणं, असं आणखी कुठे होतं का, दिवसाचा किती वेळ जातो, लहानपणी होतं का? मंत्रचळाचा, म्हणजे ओसीडीचा उपचार थोडा वेगळा असतो म्हणून. तसं नव्हतं. मोजणं त्या जूनमधल्या रात्रीपासून सुरू झालं होतं आणि नोटांपुरतंच होतं. तरी त्यांनी ते लक्षात ठेवलं आणि दोन महिन्यांनी पुन्हा विचारलं.

आता भाषेबद्दल. सत्र मराठीतूनच हवं असा हट्ट मी धरला तेव्हा भाची म्हणाली होती, "मला इंग्रजी येतं की." येतं, निश्चित. पण अ‍ॅपवरच्या दोन सत्रांत तिने ‘अँक्शियस’ या एका शब्दात सगळं कोंबलं होतं. पुण्याच्या मॅडमकडे तिने पहिल्या अर्ध्या तासात चार शब्द वापरले : रांग दिसली की धाकधूक, मॅनेजरच्या केबिनमधून हाक आली की धास्ती, रविवारी संध्याकाळी हुरहूर, आणि रात्री घालमेल. मॅडमनी चारही वेगवेगळे लिहून घेतले आणि प्रत्येकासाठी वेगळं काम दिलं.

आणि मग तो ‘च’. तिसऱ्या सत्रात त्यांनी तिला एक वही करायला सांगितली. तारीख, प्रसंग, मनात आलेलं वाक्य जसंच्या तसं, भीती शंभरपैकी किती, आणि प्रत्यक्षात काय झालं. पुढच्या रविवारी भाचीने वाक्यं वाचून दाखवली. ‘कॅश टॅली झालीच पाहिजे.’ ‘माझ्याकडून चूक होताच कामा नये.’ ‘लोकांना माझा हात थरथरलेला दिसायलाच नको.’ मॅडम म्हणाल्या, लाल पेनाने प्रत्येक ‘च’ला गोल कर. आठवड्याच्या पानांवर एकोणतीस गोल झाले. भाचीने मला त्या पानाचा फोटो पाठवला. निळ्या अक्षरांत लाल ठिपक्यांचं पान, जणू गोवर आलेला. ही विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत. अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास ती मांडली आणि मराठीत कि. मो. फडके यांनी आयुष्यभर ती रुजवली. माणसाला इच्छा असतात तोवर ठीक. इच्छेची मागणी झाली की भीती चढते. आपल्या भाषेत ती मागणी एका अक्षरात मावते. मग काम होतं ‘च’ काढून वाक्य पुन्हा लिहिण्याचं, तेही खोटा धीर न देता. ‘कॅश टॅली व्हावी असं मला फार वाटतं. नाही झाली तर पैसे भरावे लागतील, वाईट वाटेल, आणि मी ते सोसू शकेन. जूनमध्ये सोसलं आहे.’ शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं होतं.

झटक्यांसाठी वेगळी तालीम झाली. भीतीने श्वास भराभर होतो, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यातून बोटांना मुंग्या आणि चक्कर येते, ती पाहून माणूस म्हणतो ‘अटॅक आला’, आणि भीती आणखी वाढते. हे चक्र कागदावर काढून दाखवणं सोपं, पटणं अवघड. चौथ्या सत्रात मॅडमनी तिला कॅमेऱ्यासमोर एक मिनिटभर मुद्दाम भराभर श्वास घ्यायला लावला. ईसीजी नॉर्मल आहे याची खात्री करून घेऊनच. पन्नासाव्या सेकंदाला त्याच बोटांना त्याच मुंग्या. "रांग नाही, कॅश नाही, मॅनेजर नाही. मग या आल्या कुठून?" भाची मला म्हणाली, त्या क्षणी तिला स्वतःच्या हातांकडे बघून रडू आलं. या मुंग्या हृदयाच्या नव्हत्या, श्वासाच्या होत्या. मग जिन्यावरून दोनदा पळत वर जायचं, धडधड होऊ द्यायची, काही न करता बसायचं, ओसरते ते बघायचं. स्वतःच्याच जिन्यावर, स्वतःच्याच गच्चीत. क्लिनिकमध्ये दिलेला गृहपाठ घरी राहून जातो असं मी पुष्कळ पाहिलंय. इथे क्लिनिक घरातच होतं. ऑनलाइनचा हा फायदा मला आधी सुचला नव्हता.

काउंटरवर नियम ठरला : एकदा मशीन, एकदा हात, बस. बँकेला तेवढंच हवं असतं. त्यावरचं प्रत्येक मोजणं भीतीसाठी. पहिल्या दिवशी तिला भीतीचे शंभरपैकी नव्वद वाटले. दोन आठवड्यांनी चाळीस. रात्रीचे फोन बंद करायचे हेही ठरलं, आणि हेड कॅशियर साहेबांनी यात मनापासून साथ दिली. "आज फोन केलास तर उचलणार नाही हं," असं ते हसत सांगून घरी जायचे.

गोळीचा प्रश्न मॅडमनी स्वतः हातात घेतला नाही. औषध हे आपलं क्षेत्र नाही हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. नांदेडच्या मानसोपचारतज्ज्ञांना प्रत्यक्ष भेटायला पाठवलं. बसने दोन तास, मी सोबत गेले. त्यांनी एस्सिटालोप्रॅम हे काळजी आणि झटक्यांवरचं औषध अगदी कमी मात्रेत सुरू केलं आणि अल्प्राझोलाम एकदम न तोडता आठवड्यांच्या अंतराने पायरीपायरीने उतरवलं. पहिले आठ-दहा दिवस थोडं जास्त अस्वस्थ वाटेल, आणि फरक दिसायला तीन-चार आठवडे लागतील, हे त्यांनी सांगून ठेवलं. ते सांगितलं नसतं, तर चौथ्या दिवशीच तिने गोळ्या टाकून दिल्या असत्या.

माझ्या ताईला दिवाळीत सांगितलं. ताईचा पहिला प्रश्न, "हे कुठे ऑनलाइन राहतं का गं? उद्या स्थळाकडच्यांनी बघितलं तर?" मला राग आला नाही. आईच्या मनात तेच येणार. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे, आणि आपण त्या मॅडमना ‘माहिती कुठे ठेवता’ हे आधीच विचारलंय, असं सांगितलं. ताईला कायदा फारसा पटला नाही. तिला पटली ती मुलगी. भाऊबीजेला भाची दोन घास जास्त जेवली आणि दुपारी गाढ झोपली. ताई दारात उभी राहून किती तरी वेळ बघत होती. संध्याकाळी म्हणाली, "चालू ठेव ते. पैसे मी देते."

पैसे भाचीनेच दिले. आठ सत्रं दर आठवड्याला, चार पंधरवड्याने, दोन महिन्याने. चौदा सत्रांचे १६,८०० रुपये, शिवाय नांदेडच्या फेऱ्या आणि औषध. मानसिक आजारालाही शारीरिक आजारासारखाच विमा द्या असं तोच कायदा सांगतो, पण तिच्या पॉलिसीत दाखल न होता घेतलेले उपचार मुळातच येत नव्हते, म्हणून एक रुपयाही परत मिळाला नाही. क्लार्कच्या पगारात ही रक्कम बोचते. ज्यांना ती शक्य नाही त्यांनी जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागापासून सुरुवात करावी; तिथे रांग असते, पण प्रशिक्षित माणूस असतो.

सगळं सरळ रेषेत झालं नाही. जानेवारीत शाखेत ऑडिट आलं आणि तिचं मोजणं पुन्हा चार वेळांवर गेलं. एका रविवारी तिने सत्र टाळलं, मॅडमना खोटं कारण दिलं. पुढच्या सत्रात तिने ते कबूल केलं. मॅडम म्हणाल्या, "टाळलंस हे महत्त्वाचं नाही, आज आलीस ते लिही वहीत." डिसेंबरअखेरीला अकरावर आलेले गुण ऑडिटच्या महिन्यात तेराला गेले आणि मार्चमध्ये सहावर आले.

३१ मार्च २०२५ला ईद होती, तरी सरकारी व्यवहारांसाठी तिची शाखा उघडी होती, आणि वर्षअखेरीची झुंबड. रात्री फोन आला नाही. मी जागी होते, खोटं कशाला बोलू. १ एप्रिलला बँका ग्राहकांसाठी बंद असतात. दुपारी तिचा फोन आला. घरमालकीण कैऱ्यांचं लोणचं घालतेय, मोहरीची डाळ किती घ्यायची ते सांग म्हणाली. मी प्रमाण सांगितलं. ती खाली ओरडून घरमालकिणीला सांगत होती, आणि मधेच, जणू आठवलं म्हणून, "अगं, काल दोनशे शॉर्ट आली. भरली, रजिस्टरला लिहिली. साडेनऊला घरी आले." मग पुन्हा, "हिंग आधी की नंतर?"

एस्सिटालोप्रॅम अजून चालू आहे. नांदेडच्या डॉक्टरांनी निदान आणखी काही महिने बंद करायचं नाही असं सांगितलंय. पुण्याच्या मॅडमकडचं पुढचं सत्र मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, सकाळी दहा वाजता.